तांब्यावर कोरलेला चेहरा



मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. त्यानंतर जे वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून किंवा पांझरा ओलांडून धुळ्याच्या ग्रंथालयांत जाऊन वाचले. त्यामुळे आज या देवपूरच्या व्यासपीठावरून दीडशे-दोनशे माणसांपुढे ‘बरोक काळातील कोरीव व्यक्तिचित्रे’ या विषयावर बोलावयास उभा राहिलो, हे पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मलाही येते. परंतु हा विषय मी शोधावयास गेलो नव्हतो. तो एका यंत्रमाग कामगाराच्या प्रश्नातून माझ्याकडे चालत आला.

आमच्या कचेरीच्या भिंतीवर शिवाजी महाराजांची तसबीर आहे. एका शिवजयंतीला हार घालून झाला, गूळ-खोबरे वाटून झाले, आणि आमच्यातले सर्वांत वडील विणकर, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, ते तसबिरीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग मागे वळून मला म्हणाले, “भाऊ, महाराज खरंज असाच दिखेत का? कोन्ही देखेल व्हतं त्यासले?”

साधा प्रश्न. महाराज खरोखर असेच दिसत का, आणि त्यांना पाहिले होते कोणी? मी म्हटले, “आबा, पाहून सांगतो.” पाहावयास मला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत जे हाती आले तेच आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम काळ लक्षात घेऊ. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, निधन १६८० चे. युरोपात हाच काळ चित्रकलेच्या आणि शिल्पाच्या ज्या थाटाचा होता त्याला बरोक म्हणतात. ढोबळपणे १६०० ते १७५० हा त्याचा पल्ला. भव्यपणा, हालचाल, उजेड-अंधाराचा ठसठशीत खेळ आणि सत्तेचा दिमाख ही त्याची लक्षणे. फ्रान्सचा चौदावा लुई, हॉलंडचा चित्रकार रेम्ब्रांट आणि आपले महाराज हे तिघे एकाच काळात या पृथ्वीवर वावरत होते. छायाचित्राचा शोध लागावयास अजून दीडशे वर्षे होती. मग राजा कसा दिसतो हे त्याच्या प्रजेला कसे कळावे? नाण्यावरून थोडे कळे. तैलचित्र महालात टांगलेले. ते पाहणार कोण? ही गरज भागवली ती तांब्याच्या पत्र्याने.

रीत अशी. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करावयाचा. त्यावर पोलादी कोरणी तळहाताने रेटीत रेघा खोदावयाच्या. वळण घ्यावयाचे तर हात न वळवता दुसऱ्या हाताने पत्राच फिरवावयाचा. खोल रेघ काळी उमटते, उथळ रेघ फिकी. गालावरची सावली म्हणजे जवळजवळ ओढलेल्या शेकडो बारीक रेघा. काम उलटे करावयाचे, कारण कागदावर डावे ते उजवे उमटते. कोरून झाले की पत्र्यावर घट्ट शाई चोळावयाची आणि मग ती पुसून टाकावयाची, शेवटी तळहाताने. वरची शाई जाते, रेघांत भरलेली राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून तो सारा थर दोन रुळांमधून काढावयाचा. आपल्याकडचा उसाचा चरक डोळ्यांसमोर आणा. चरकात रस बाहेर पडतो, येथे रेघांतली शाई कागद ओढून घेतो. कागदाच्या कडेला पत्र्याचा दाब कायमचा राहतो. जुन्या चित्रावर बोट फिरवले तर तो आजही लागतो.

एका पत्र्यावर काही शे, फार तर हजार-दोन हजार चांगल्या प्रती निघत. मग रेघा झिजत आणि त्या पुन्हा खोदाव्या लागत. तरी एका तैलचित्राच्या जागी हजार कागद म्हणजे केवढा फरक! पुस्तकविक्रेते ते विकत, हौशी लोक ते चोपडीत चिकटवून संग्रह करीत. व्हॅन डाइक या प्रसिद्ध चित्रकाराने १६३० नंतरच्या दशकात राजे, सेनापती, मुत्सद्दी, विद्वान आणि कलावंत यांच्या कोरीव चित्रांची एक मालिकाच काढविली. तिच्यात मला एक गोष्ट फार आवडली. राजांच्या ओळीत लूकास व्होर्स्टरमान आणि पाउलुस पोंटियुस या कोरणाऱ्यांची चित्रेही आहेत. हाताने काम करणाराचा चेहरा दरबारातल्या चेहऱ्यांच्या शेजारी बसला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

हे कोरणारे लोक कोण होते? त्यांचे चार प्रसंग सांगतो, कारण आमच्या धंद्यात माणूस कळावयाचा तर त्याचे काम, त्याचा मोबदला आणि त्याचा तंटा या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिला प्रसंग कौशल्याचा. फ्रान्समध्ये क्लोद मेलाँ नावाचा कारागीर होता. त्याने १६४९ साली येशू ख्रिस्ताचा चेहरा कोरला, तो अथपासून इतिपर्यंत एकाच रेघेत. नाकाच्या शेंड्यावर कोरणी टेकवली आणि तेथून गोल गोल फिरत रेघ बाहेर नेली. कोठे ती जाड केली, कोठे बारीक. तेवढ्यावर डोळे, ओठ, केस, काट्यांचा मुकुट सारे उभे राहिले. आबांना मी हे चित्र पुस्तकात दाखवले तेव्हा ते म्हणाले, “हा आपला माणूस. एका धाग्यात मुखडा विणला.” याहून चांगली समीक्षा मी कोठे वाचली नाही.

दुसरा प्रसंग मानाचा. रॉबेर नांतेय हा चौदाव्या लुईचा कोरणारा. माणसाला समोर बसवून तो आधी चेहरा काढी आणि मग तांब्यावर उतरवी. त्याने दोनशेंच्या वर व्यक्तिचित्रे कोरली. १६६० साली लुईने एक हुकूम काढला की तांब्यावरील कोरीव काम ही स्वतंत्र कला आहे, ती कारागिरांच्या संघांच्या नियमांनी बांधता येणार नाही. कोरणाऱ्यांना कलावंताचा दर्जा मिळाला. मी युनियनचा माणूस. संघाच्या बंधनातून सुटका हा शब्द ऐकला की मी जरा सावध होतो. मान मिळाला हे खरे. पण मानाने पोट भरते का?

म्हणून तिसरा प्रसंग पाहा. वेन्सेस्लाउस होलार हा मूळचा प्राग शहराचा. लढायांनी पोळलेला मुलूख सोडून तो जर्मनीतून इंग्लंडात आला. आयुष्यात त्याने सुमारे २,७०० पत्रे कोरले. लंडनची घरे, जहाजे, बायकांचे पोशाख आणि कितीतरी लोकांचे चेहरे आज आपल्याला दिसतात ते त्याच्या हातून. हा माणूस पुस्तकविक्रेत्यांसाठी ताशी चार पेन्सांवर काम करी. समोर वाळूचे घड्याळ ठेवलेले असे. कोणी बोलावयास आले आणि हात थांबला की तो घड्याळ आडवे करी, म्हणजे न केलेल्या कामाची वाळू पडू नये. त्याच्या जुन्या चरित्रकाराने हे नोंदवून ठेवले आहे. १६७७ साली तो मरावयास टेकला तेव्हा देणे वसूल करणारे शिपाई घरात आले होते, आणि निदान या खाटेवर मरू द्या अशी विनवणी त्याला करावी लागली, असेही तोच सांगतो. आपल्यापैकी ज्यांनी मागावर मीटरच्या भावाने काम केले आहे त्यांना ते आडवे केलेले घड्याळ समजावून सांगावे लागणार नाही. मालकाच्या वेळेत खोट नको म्हणून स्वतःच घड्याळ आडवे करणारा तो माणूस मला झोपेत दिसला आहे.

चौथा प्रसंग तंट्याचा. वर ज्याचे नाव घेतले तो व्होर्स्टरमान आधी रूबेन्स या थोर चित्रकाराकडे कामाला होता. रूबेन्सची चित्रे तांब्यावर कोरून विकावयाची, असा व्यवहार. १६२२ च्या सुमारास दोघांचे फाटले. रूबेन्सची तक्रार अशी की हा मनुष्य गर्वाने फुगला आहे, आणि या छापील चित्रांना किंमत आहे ती आपल्या कोरणीमुळे आणि आपल्या नावामुळे असे म्हणू लागला आहे. रूबेन्स मोठा होता यात शंका नाही. परंतु मी ही तक्रार वाचली तेव्हा मनात आले की व्होर्स्टरमानची बाजूही कोणी लिहून ठेवावयास हवी होती. छापील चित्राखाली लॅटिन भाषेत तीन शब्द असत: पिंक्सिट म्हणजे याने रंगवले, स्कल्प्सिट म्हणजे याने कोरले, एक्स्कुडिट म्हणजे याने प्रसिद्ध केले. तीन नावांना जागा होती. ज्याने शाई चोळली, तळहाताने पुसली आणि चरक फिरवला त्या चौथ्याला जागा नव्हती.

आता या धंद्याची दुसरी बाजू. तांब्यावरचा चेहरा जितका टिकाऊ तितकाच बदलावयास सोपा. पत्र्याचा तेवढा भाग घासून सपाट केला की तेथे दुसरा चेहरा कोरता येतो. याचे नामांकित उदाहरण पिएर लोंबार याचे. हा फ्रेंच कारागीर १६५० नंतर काही वर्षे लंडनमध्ये होता. राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद १६४९ साली झालेला, सत्ता क्रॉमवेलच्या हाती. व्हॅन डाइकने चार्ल्स राजाचे घोड्यावरचे एक चित्र काढले होते. लोंबारने त्याच वळणावर एक पत्रा कोरला आणि घोड्यावर क्रॉमवेलला बसवले. पुढे वारे फिरले, तेव्हा ते डोके घासून टाकले. मधल्या अवस्थेतल्या प्रतीही शिल्लक आहेत. घोडा तोच, चिलखत तेच, आणि स्वाराला डोकेच नाही. शेवटी त्या धडावर खुद्द चार्ल्सचे डोके आले. ज्याने राजाला मारले त्याचे धड आणि मेलेल्या राजाचे डोके! छापलेले आहे म्हणून खरे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा कागद एकदा पाहावा.

हे सारे युरोपातले झाले. आबांचा प्रश्न महाराजांविषयी होता. तेव्हा आता आपल्या मुलखाकडे वळू.

हॉलंडच्या व्यापाऱ्यांची वखार सुरतेत १६१६ पासून होती आणि पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणला त्याच्याही आधीपासून. कापड, नीळ, मसाले यांच्याबरोबर हे लोक येथली लहान रंगीत चित्रेही विकत घेऊन जात. रेम्ब्रांटने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोगल चित्रांवरून वीस-पंचवीस रेखाटने केली, म्हणजे तोपर्यंत ही चित्रे अ‍ॅम्स्टरडॅमच्या बाजारात पोहोचली होती. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी तर हा धंदाच केला. मोगल बादशहा, विजापूरचे आणि गोवळकोंड्याचे सुलतान, त्यांचे वजीर आणि सरदार यांच्या चित्रांचे संच परदेशी गिऱ्हाइकांसाठी तयार होत. असा एक ४९ चित्रांचा संच अ‍ॅम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सेन याच्याकडे होता. तो १६८६ पूर्वीचा असून आज त्या शहराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसरा त्याच काळातला संच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दोन्हींत शिवाजी महाराज आहेत.

हे लोक महाराजांचे चित्र का घेत? कारण १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात सुरत लुटली गेली, आणि ज्यांची बखार लुटीच्या तोंडाशी असते त्यांना लुटणाराचा चेहरा पाहावासा वाटतोच. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारी वाट आपल्या खानदेशातून, नवापूर-नंदुरबारवरून जात असे. धरणगावास इंग्रजांची वखार होती आणि १६७५ साली मराठ्यांच्या फौजेने ते गाव लुटले. तेव्हा महाराजांचे नाव युरोपात गेले त्या वाटेत आपला मुलूखही होता, हे आपण विसरू नये. लुटीची झळ त्या वेळी धरणगावच्या विणकरांना आणि रंगाऱ्यांनाही लागली असणार, हेही विसरू नये. इतिहासाचा अभिमान बाळगावयाचा तर तो पुरा बाळगावा.

महाराज १६७७ साली भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, कुतुबशहाच्या भेटीला गेले होते. ही चित्रे त्यानंतरच्या दहा वर्षांच्या आतली आहेत. एका बाजूने दिसणारा चेहरा, धारदार नाक, टोकदार दाढी, डोईवर मंदिल आणि तुरा. चित्रकारांची नावे मात्र उरली नाहीत. १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला, दरबार मोडला, आणि ते हात कोठे गेले कोणास ठाऊक.

या वळणाचेच चित्र पुढे तांब्यावर चढले. फ्रांस्वा व्हॅलेंटाइन हा डच धर्मोपदेशक. त्याने पूर्वेकडच्या बेटांत बरीच वर्षे काढली आणि म्हातारपणी ‘जुने आणि नवे ईस्ट इंडिज’ अशा अर्थाच्या नावाचा प्रचंड ग्रंथ लिहिला. १७२४ ते १७२६ या काळात डॉर्ड्रेख्त आणि अ‍ॅम्स्टरडॅम येथून तो पाच भागांत निघाला. त्यात हजारांहून अधिक कोरीव चित्रे आणि नकाशे आहेत. त्यांतच मोगल बादशहांच्या रांगेजवळ शिवाजी महाराज आहेत. गोवळकोंड्याच्या कोणा अनामिक मुसव्विराने रंगवलेला मराठा राजाचा चेहरा समुद्र ओलांडून हॉलंडच्या कारागिराच्या कोरणीखाली आला, आणि बरोक थाटाच्या एका ग्रंथात छापला गेला. महाराज जाऊन तेव्हा चाळीसच्या वर वर्षे झाली होती.

येथे कोणी विचारील की हे काम आपल्याकडे का झाले नाही? तांबे आपल्याकडे होते, तांबट होते, कोरणीही होती. जमीन दान दिली की राजे ताम्रपट कोरून देत. ही चाल आपल्याकडे दीड हजार वर्षांहून जुनी. खोदलेल्या अक्षरांत शाई भरून वर कागद दाबावयाचा, एवढीच पायरी राहिली होती. ती आपण चढलो नाही. कारण ताम्रपट एकाच माणसासाठी असे. त्याच्या हजार प्रती कोणाला हव्या होत्या? गिऱ्हाईक नाही तेथे यंत्र नाही. प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला आणि १६७४ साली, राज्याभिषेकाच्याच वर्षी, हेन्री हिल्स नावाचा मुद्रक विलायतेहून मुंबईला उतरला. परंतु त्याला छापता येई, देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नसत. बेत फसला. पुढे १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली, तेव्हा आपल्या तांबटाने ती राहिलेली पायरी अखेर चढली. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली आणि मग शिळाछापाच्या तसबिरी घरोघर गेल्या.

घरोघर गेल्या, पण कोणाचा चेहरा घेऊन? येथे गोष्टीला वळण मिळते. मनूची नावाचा एक व्हेनिसचा माणूस औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात होता. त्याने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून अनेक चित्रे काढवून घेतली. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९०७-०८ साली चित्रांसह निघाले. त्यातले इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र आपल्याकडे शिवाजी महाराजांचे म्हणून चालू लागले. लोकांनी त्याला हार घातले, नमस्कार केले. भाव खरा होता, चेहरा दुसऱ्याचा होता. वा. सी. बेंद्रे या संशोधकाने ही चूक दाखवून दिली, व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातले चित्र पुढे आणले आणि १९३३ साली ते लोकांसमोर ठेवले. बेंद्रे यांनी पुढे १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र लिहून त्यांच्यावरचीही बरीच काजळी पुसली.

हे वाचताना मला माझ्या कामातली एक गोष्ट आठवली. एका कारखान्यात हजेरीच्या नोंदीत एका कामगाराच्या नावापुढे दुसऱ्या कामगाराचे छायाचित्र चिकटले होते. चिकटवणाऱ्याच्या लेखी ती पाच मिनिटांची चूक. पण काम सुटल्यावर फंडाचे पैसे काढावयाची वेळ आली तेव्हा पहिल्याला सांगण्यात आले की हा तू नव्हेस. आणि दुसऱ्याला सांगण्यात आले की तुझी नोंदच नाही. दोघांनी मिळून चौदा महिने हेलपाटे घातले. मी त्यांच्याबरोबर होतो. त्या वेळी मला कळले की चुकीच्या नावाखालचा चेहरा दोन माणसांना बुडवतो. महाराजांचा चेहरा हरवला हे आपण सारे बोलतो. त्या इब्राहिमखानाचेही नाव हरवले होते, हे कोणी बोलत नाही. बेंद्रे यांनी एका शोधाने दोघांना आपापल्या जागी बसवले.

आता आबांच्या प्रश्नाचे उत्तर. महाराज असेच दिसत का? कामगार न्यायालयात मी एक गोष्ट शिकलो. एकाच कारकुनाने काढलेल्या तीन नकला म्हणजे तीन साक्षी नव्हेत. अ‍ॅम्स्टरडॅमचे चित्र, लंडनचे चित्र आणि व्हॅलेंटाइनची कोरीव तसबीर यांचे चेहरे जुळतात, पण ती एकाच गोवळकोंडी वळणाची आहेत. म्हणून ती मिळून एकच साक्ष धरू. दुसरी साक्ष मीर महंमदाची. मनूचीच्या त्याच संग्रहात महाराजांचे घोड्यावरचे खरे चित्रही आहे; ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ते मोगली हाताचे, वेगळ्या माणसाने काढवून घेतलेले. तिसरी साक्ष चित्राची नव्हे, शब्दांची. १६६४ च्या सुरतेच्या लुटीत अँथनी स्मिथ हा इंग्रज महाराजांच्या छावणीत कैद होता. सुटून आल्यावर त्याने जे सांगितले ते वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलिऑट याने त्याच महिन्यात पत्रात लिहिले: उंची बेताची, बांधा सरळ आणि सुरेख, वर्ण उजळ, डोळे तीक्ष्ण, आणि बोलताना हसल्यासारखे वाटते.

पाहा, भक्ताने लिहिलेले नाही हे. ज्याच्या मानेवर तलवार होती त्याने सांगितलेले आहे. अशा माणसाने हसऱ्या चेहऱ्याची आठवण ठेवावी यास मोल आहे. तेव्हा नाक, दाढी, तीक्ष्ण नजर एवढ्यापुरते आपण बऱ्याच भरवशाने बोलू शकतो. गालाची नेमकी ठेवण, रंगाची छटा, कपाळाची रुंदी यांवर शपथ घेऊ नये. चित्रकाराने हात सफाईने फिरवला असेल, कोरणाऱ्याने डावे-उजवे केले असेल, त्याच्या डच डोळ्याला मंदिलाची घडी समजली नसेल. प्रत्येक हाताने काही आणले आणि काही सांडले.

मी हे आबांना सांगितले. वाटले होते, त्यांचा विरस होईल. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “मंग देखेल व्हतं. बरं जयं.” मग म्हणजे पाहिलेले होते, बरे झाले. आणि नंतर त्यांनी विचारले, “काढनारास्ना नाव काय?” काढणाऱ्यांची नावे काय? मी म्हटले, “आबा, ती कोणी लिहून ठेवली नाहीत.” यावर ते काही बोलले नाहीत. मान हलवून मागाकडे गेले.

श्रोतेहो, आज महाराजांचा चेहरा चौकातल्या फलकावर आहे, गाडीच्या काचेवर आहे, प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलवर आहे. आता तर यंत्राला सांगितले की ते हवा तसा चेहरा तयार करून देते. डोळे मोठे, छाती रुंद, नजर रागीट. लोंबारला डोके घासून बदलावयास काही दिवस लागले असतील, आज एक बोट पुरते. परंतु स्मिथने पाहिलेले ते बोलताना येणारे हसू या नव्या चित्रांत मला क्वचितच दिसते. ज्यांना रागीट चेहरा हवा असतो ते तसाच बनवून घेतात, आणि मग त्या चेहऱ्याच्या नावाने जे बोलावयाचे ते बोलतात.

आपल्या या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला. मूळ कागद पाहिल्यावाचून बोलू नये, हे त्यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून शिकवले. त्यांच्यामागे १९२७ साली भा. वा. भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले. पांझरेच्या पुलावरून आपण रोज जातो-येतो. त्या पलीकडे अशी जागा आहे याचा उपयोग करावा. कोणी चित्र दाखवले, कोणी मजकूर दाखवला, तर आबांसारखे दोनच प्रश्न विचारावेत: हे कोणी पाहिले होते? आणि हे कोणी केले? पहिल्या प्रश्नाने खोटे उघडे पडते. दुसऱ्याने ज्यांच्या हातांनी आपल्यापर्यंत खरे पोहोचवले त्यांची आठवण राहते.

आमच्या कचेरीत आता महाराजांच्या जुन्या तसबिरीखाली एक चिठ्ठी लावली आहे. आबांच्या सांगण्यावरून मीच ती लिहिली. तिच्यावर असे आहे: रंगवणारा, गोवळकोंड्याचा कारागीर, कोरणारा, हॉलंडचा कारागीर, चरक फिरवणारा, कामगार, शोधणारे, वा. सी. बेंद्रे. पुढच्या शिवजयंतीला आपण तिकडे आलात तर तीही वाचावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.